घरात आधीपासून असलेल्या रेशमाचे आणि चामड्याचे काय करावे?

प्रश्न : आदरणीय ताई, दीड वर्षापूर्वी मी दूध-तूप सोडले आणि पूर्णपणे व्हीगन झाले. खाण्यापिण्याची घडी आता बसली आहे आणि घरच्यांनीही ती स्वीकारली आहे. अडचण कपाटाची आहे. त्यात आजीची येवल्याची पैठणी आहे, मला नोकरी लागली तेव्हा आईने घेऊन दिलेली चामड्याची पर्स आहे, कोल्हापुरी चपलांचे दोन जोड आहेत आणि लोकरीचे तीन-चार स्वेटर आहेत. येत्या मार्गशीर्षात मामेबहिणीचे लग्न आहे आणि त्यात आजीची पैठणी मी नेसावी, अशी आईची फार इच्छा आहे. माझ्या व्हीगन मित्रमंडळींपैकी एक जण म्हणतो की या वस्तू वापरत राहणे हे ढोंग आहे. दुसरी म्हणते की त्या टाकून दिल्याने कोणाचा जीव परत येणार आहे? मला दोघांचेही पटते, म्हणून काहीच ठरत नाही. पैठणी नेसले तर मी माझ्या तत्त्वाशी प्रतारणा करते आहे, असे होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण केवळ ‘नाही’ म्हणून हा प्रश्न संपवला, तर तुमच्या त्या मित्राच्या अस्वस्थतेवर अन्याय होईल, आणि ती अस्वस्थता खोटी नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी व्हीगन झाले त्याला आता चौदा वर्षे होतील. पहिल्याच महिन्यात मी घरातले सगळे चामडे बाहेर काढले. सँडल, पट्टे, एक जुनी पण अगदी भक्कम खांद्यावरची बॅग, सगळे एका पोत्यात भरले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले. त्या दिवशी मला फार मोकळे वाटले होते. मग बाजारातून ‘लेदरसारखी दिसणारी’ बॅग आणली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिचा वरचा पापुद्रा सुटू लागला. बॅग उघडली की तळहाताला, वहीच्या पुठ्ठ्याला, डब्याच्या झाकणाला काळे बारीक कण चिकटलेले असायचे. पॉलियुरेथेनचा थर आपल्याकडच्या दमट हवेत असाच सुटतो, हे मला पुढे कळले. ती टाकली, दुसरी घेतली. दुसरीचेही तेच झाले. पोत्यात गेलेली बॅग ठेवली असती तर ती आजही माझ्या खांद्यावर असती. ज्या जनावराचे ते कातडे होते त्याला मी काहीच परत दिले नव्हते. उलट त्याच्या मरणातून तयार झालेली वस्तू अर्ध्या आयुष्यात मातीत घातली आणि वर प्लॅस्टिकच्या दोन बॅगांची भर टाकली. आजही ते आठवले की मला वाईट वाटते, आणि तुमच्या पत्राचे उत्तर मी त्या वाईट वाटण्यातूनच लिहिते आहे.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली आणि हा शब्द रूढ झाला. त्या संस्थेच्या आजच्या व्याख्येचा गाभा असा आहे की अन्न, वस्त्र किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी होणारे प्राण्यांचे शोषण आणि त्यांच्यावरील क्रौर्य, शक्य आणि व्यवहार्य असेल तितके, आपल्या जगण्यातून वगळावे. व्याख्या शोषणाबद्दल आणि क्रौर्याबद्दल बोलते. कपाटातल्या वस्तू शुद्ध की अशुद्ध, याबद्दल ती काहीही सांगत नाही. तेव्हा प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचा प्रश्न एकच आहे : मी ही ठेवल्यामुळे, वापरल्यामुळे, आणखी एखाद्या जिवाला इजा होणार आहे का? आजीने पन्नास-साठ वर्षांपूर्वी घेतलेली पैठणी तुम्ही नेसलात म्हणून येवल्याच्या मागावर एकही जादा साडी चढणार नाही.

मात्र रेशमामागे काय घडते, ते डोळ्यांआड करून नेसू नये, असेही मला वाटते. तुतीच्या पाल्यावर वाढलेली अळी स्वतःभोवती कोष विणते आणि आत तिचे पतंगात रूपांतर होऊ लागते. पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडून धागा तुटतो, म्हणून त्याआधीच कोष वाफेवर किंवा गरम हवेत धरून आतला जीव मारला जातो. एका कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघतो, तरी तो इतका तलम असतो की एका साडीला हजारो कोष लागतात. हे आपल्यापासून दूरही नाही. मराठवाड्यात अनेक शेतकरी आज तुती लावतात आणि जालन्यासारख्या ठिकाणी कोषांचा बाजार भरतो. कोरडवाहू भागातल्या त्या कुटुंबांना रेशमाने आधार दिला आहे, हे खरे आहे, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण मी स्वतः नवे रेशीम घेणार नाही, कारण नवी साडी म्हणजे नवी मागणी, आणि मागणी म्हणजे पुढच्या हंगामातले कोष.

आता तुमच्या मित्राच्या ‘ढोंग’ या शब्दाकडे येते. आपल्या घरांमध्ये सोवळ्या-ओवळ्याची कल्पना किती खोल रुजलेली आहे, हे तुम्ही पाहिले असेल. पूजेला बसताना रेशमी कद किंवा लोकरीची धाबळी चालते, सुती वस्त्र मात्र धुऊन वाळवून कोणी न शिवलेले लागते. जुन्या घरांत जपाला बसायला मृगाजिन असे. हजारो अळ्यांच्या मरणातून आलेले रेशीम पवित्र, हरणाचे कातडे पवित्र, आणि चपलेचे कातडे मात्र विटाळाचे! या विभागणीत प्राण्याच्या वेदनेचा विचार कोठेच नव्हता. चामड्याविषयीची आपली घृणा प्राण्याविषयीच्या करुणेतून आलेली नाही. मेलेले जनावर ओढणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या आणि चपला शिवणाऱ्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेतून ती आली आहे. म्हणून एखादा व्हीगन माणूस जेव्हा ‘चामडे घरात नको, शिवायलासुद्धा नको’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात करुणा बोलते आहे की जुना विटाळ नव्या नावाने बोलतो आहे, हे त्याने प्रामाणिकपणे तपासून पाहावे, असे मी कळकळीने सांगेन. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. त्यामागे ढोर आणि चर्मकार समाजातल्या कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट आणि कौशल्य आहे. त्या चपलेकडे पाहताना म्हशीचे मरण आठवावे आणि त्या कारागिराचा हातही आठवावा. तुमचे दोन्ही जोड झिजेपर्यंत वापरा, त्यांना अधूनमधून तेलाचा हात लावा, पावसात भिजू देऊ नका. ते संपले की तिसरा जोड मात्र घेऊ नका.

या ठिकाणी वर्ध्याची आठवण येते. १९३०च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वालुंजकरांनी चर्मालय चालवले. कत्तल केलेल्या नव्हे, तर नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचे कातडे तिथे कमावले जाई आणि त्याच्या चपला होत. गांधीजींचा त्या कामाला पाठिंबा होता. व्हीगन दृष्टीने ते उत्तर पुरेसे नाही, कारण ते जनावर आयुष्यभर दुधासाठी किंवा औतासाठी राबलेले असते. पण मेलेल्या जिवाचे काही वाया जाऊ नये आणि त्यासाठी नव्याने कोणी मारला जाऊ नये, हा त्यामागचा विचार तुमच्या कपाटापुढे उभे राहताना उपयोगी पडतो. तुमच्या चपला, तुमची पर्स या अर्थाने ‘मृत चर्म’च आहेत.

पण गांधीजींचेच दुसरे उदाहरण सावध करणारे आहे. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. पुढे हिंदुस्थानात फार मोठे आजारपण आले, तेव्हा व्रत घेताना आपल्या डोळ्यांसमोर गाई-म्हशींचे दूध होते, असा अर्थ लावून त्यांनी शेळीचे दूध घेतले. शब्द राखला, पण व्रताचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत स्वतःच नोंदवली आहे. ‘आधीपासूनची वस्तू’ या सवलतीचेही असेच होऊ शकते. ‘मी घेतली नाही, मावशीने भेट दिली’, ‘सेलमध्ये होती, नाहीतरी पडूनच होती’, ‘जुनीच समजा’ असे म्हणता म्हणता कपाटात नवे रेशीम येत राहते. म्हणून एक तारीख मनाशी पक्की करा, ज्या दिवशी तुम्ही व्हीगन झालात ती, आणि त्यानंतर आलेल्या कोणत्याही वस्तूला ही सवलत देऊ नका. जवळच्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दिवाळीला कोणी प्रेमाने सिल्कचा कुर्ता आणणार नाही आणि तो परत करण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

तुमच्या मित्राचे म्हणणे ज्या एका जागी मला पूर्ण मान्य आहे, ती जागा अशी : काही वस्तूंमध्ये प्राणी दिसत राहतो. माझ्या परिचयाच्या एका बाईंकडे काश्मीरहून आणलेली फरची टोपी होती. त्या म्हणाल्या, हात फिरवला की पाठीवरून हात फिरवल्यासारखे वाटते आणि मला ते सहन होत नाही. त्यांनी ती टोपी परसात, शेवग्याखाली पुरली. मी त्यांना ‘वाया घालवलीत’ असे म्हणाले नाही. ज्याला ती वस्तू वस्तू न वाटता देह वाटतो, त्याने तिला देहासारखाच निरोप द्यावा, हे मला समजते. पण तुम्हाला पैठणीविषयी तसे वाटत असते, तर तुम्ही मला ‘नेसू का’ असे विचारलेच नसते. पर्सविषयी काय वाटते, ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. ती खांद्याला लावताना मन मागे सरत असेल, तर ती अशा कोणाला तरी द्या जी एरवी दुकानात जाऊन नवी चामड्याची पर्स विकत घेणार होती. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत अशी एखादी व्यक्ती नक्की असेल. त्यामुळे एक नवी पर्स कमी खपेल, आणि तुमच्या पर्सला खरे मोल येईल. विकलीत तरी हरकत नाही; पैसे एखाद्या प्राणिसेवा केंद्राला द्यावेत, असे मी सुचवेन. आईला मात्र आधी विचारा. तिने ती कौतुकाने दिली आहे आणि तिला दुसऱ्याच कोणाकडून कळू नये.

स्वेटरांचा फार विचार करू नका. थंडीत वापरा, किंवा ज्याला थंडी वाजते त्याला द्या.

राहिले लग्न. पैठणी नेसलेली व्हीगन मुलगी पाहून कोणीतरी विचारणारच, ‘अगं, आता हे कसे चालते तुला?’ त्या वेळी सांगायला उत्तर तुमच्याजवळ आहे : ही आजीची आहे, मी नवे रेशीम घेत नाही. एवढे एक वाक्य बोलायला लाजू नका. लग्नमांडवात त्या वाक्यामुळे रेशमाविषयी जितकी चर्चा होईल, तितकी तुम्ही सुती साडी नेसून गप्प बसलात तर होणार नाही. आणि कोणी तुम्हाला ‘अहिंसा सिल्क’ सुचवले, तर त्याचीही माहिती असू द्या. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू दिल्यानंतर उरलेल्या कोषांपासून धागा काढण्याची पद्धत विकसित केली; तो धागा अखंड नसल्याने कापसासारखा कातावा लागतो. हेतू फार चांगला आहे. पण हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली राहिलेला तुतीचा रेशीमपतंग उडू शकत नाही, काही खाऊही शकत नाही, आणि एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. त्या सगळ्या अळ्यांना कोण आणि किती दिवस पाला घालणार, हा प्रश्न तिथे उरतोच. तेव्हा त्या नव्या साडीपेक्षा आजीची जुनी पैठणी माझ्या मते केव्हाही अधिक निरुपद्रवी आहे.

नेसण्याआधी एकदा उन्हात नव्हे, सावलीत मोकळी करा आणि घडीवर पदर विरला आहे का ते पाहा. जुने रेशीम बहुतेक वेळा घडीवरच फाटते. लग्नानंतर मऊ सुती कापडात गुंडाळून, घडी बदलून ठेवा.

प्रश्न : मी सात वर्षे तबला शिकतो आहे आणि गेल्या वर्षी व्हीगन झालो. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते, हे माहीत होते, पण आता ते मनाला टोचते. तबला माझ्याकडे आधीपासूनच आहे, म्हणून तो चालेल का? की वादनच सोडावे?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुमचा प्रश्न वरच्या पत्रापेक्षा अवघड आहे, आणि त्याचे कारण साधे आहे : पैठणी एकदा विणली की विणली, पण तबला कातडे मागत राहतो. रियाज नियमित असेल तर शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपाला, तडे जातात, किनार सैल पडते, कधी पुडी फाटते आणि ती बदलावी लागते. म्हणजे ‘आधीपासून आहे’ हे म्हणणे आज तुमच्या डग्ग्या-तबल्यावर चढलेल्या पुड्यांपुरतेच खरे आहे. पुढच्या पुडीला ते लागू पडत नाही.

वाजवणे सोडा, असे मी तुम्हाला कधीही सांगणार नाही. सात वर्षांची साधना ही तुमच्या गुरुजींचीही साधना आहे. आज आहेत त्या पुड्या जपून वापरा : बोटे कोरडी ठेवून वाजवा, पावसाळ्यात तबला झाकून ठेवा, सूर लावायच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी गरजेपेक्षा जोराने मारू नका. असे केले तर पुडी बराच काळ टिकते आणि तेवढ्या अवधीत तुम्हाला पर्याय शोधता येतो. पुडी ताणून धरणाऱ्या चामड्याच्या वादीच्या जागी सुताची दोरी घालता येते; डग्ग्यावर ती अनेक जण वर्षानुवर्षे वापरतच आले आहेत. सिंथेटिक पुड्याही आता मिळतात. त्यांचा नाद कातड्यासारखा नाही, विशेषतः डग्ग्याची मींड आणि तबल्याची आस यांत तुमच्या कानाला फरक जाणवेल, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण रोजच्या रियाजाचा जोड सिंथेटिक ठेवला आणि कातड्याचा जोड फक्त मैफलीसाठी किंवा गुरुजींसमोर बसण्यासाठी राखला, तर कातड्याची गरज कितीतरी घटेल. हे पूर्ण समाधान नाही, ‘शक्य आणि व्यवहार्य’ असे आहे, आणि तुमच्या वयात एवढे पाऊल उचलणे मला फार मोलाचे वाटते.

गुरुजींशी मात्र मोकळेपणाने बोला. पुडी बनवणाऱ्या कारागिराकडे ते तुम्हाला एकदा घेऊन जाऊ शकतील का, तेही विचारा. पुडीच्या कडेचा गजरा कसा विणतात, शाईचा लेप थरावर थर देऊन दगडाने कसा घोटतात, हे समोर बसून पाहिलेत तर आपण कोणत्या गोष्टीला पर्याय शोधतो आहोत, हे नीट कळेल. शिवाय पर्याय शोधायचाच असेल तर तो त्या कारागिरालाच बरोबर घेऊन शोधावा, म्हणजे त्याची रोजीरोटी बुडणार नाही.

प्रश्न : आमच्या सावंतवाडीकडच्या जुन्या घरात पणजोबांच्या काळातली सांबराची शिंगे भिंतीवर आहेत आणि एक मृगाजिन आहे. मी शाकाहारी आहे, मुलगी व्हीगन आहे. आम्हा दोघींनाही ती घरात नको आहेत. विकून पैसे प्राणिसेवेसाठी द्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : विकू नका. इथे तत्त्वाचा प्रश्न नंतर येतो, कायद्याचा आधी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला आणि वन्य प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. हस्तिदंत, वाघनखे, कस्तुरी, शाहतूशची शाल, मुंगसाच्या केसांचे कुंचले यांनाही हेच लागू होते. कोणाला भेट म्हणून देऊ नका, आणि कंटाळून जाळू किंवा पुरू नका. वर ज्या टोपीविषयी लिहिले ते याबाबतीत करून चालणार नाही.

आधी जुन्या कागदपत्रांत मालकीचे प्रमाणपत्र आहे का, ते शोधा. अशा वस्तू बाळगणाऱ्यांना पूर्वी त्या जाहीर करण्यास सांगितले गेले होते आणि २००३ मध्येही त्यासाठी मुदत देण्यात आली होती. प्रमाणपत्र असेल, तर वारशाने वस्तू तुमच्याकडे आल्यावर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रमाणपत्र नसेल, तर घाबरून वस्तू हलवू नका. एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या आणि मग वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात स्वतः जाऊन वस्तुस्थिती सांगा. मालकीचे प्रमाणपत्र असणाऱ्यांना अशा वस्तू स्वेच्छेने सरकारजमा करता याव्यात, अशी तरतूद २०२२च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. त्यासाठी मोबदला मिळत नाही, आणि वस्तू राज्य शासनाच्या मालकीच्या होतात. तुम्हा दोघींना त्या घरात नकोच आहेत, तेव्हा प्रमाणपत्र सापडले तर हा मार्ग तुमच्यासाठी योग्य आहे. अर्जासोबत शिंगांचे आणि मृगाजिनाचे भिंतीवर आहेत त्या स्थितीतले फोटो जोडा, वस्तू जमा करताना लेखी पोच मागून घ्या आणि तिची एक प्रत घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवून द्या.